पोपटी गाडीचा पंखा

बाई कुठल्याही गोष्टीची पारख करायच्या ती उलट्या हातानं. दूध तापलं का, इस्त्री गरम झाली का, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीला खरंच ताप आहे की कॉलेजला दांडी मारायची आहे, हे सगळं त्या बोटांची मागची बाजू टेकवून ठरवायच्या. मी त्यांच्याकडे राहायला गेले त्या दिवशी दारात उभी राहते ना राहते तोच त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. "उन्हातून आली आहेस. आधी बस. पाणी लगेच पिऊ नकोस," म्हणाल्या आणि मग नाव विचारलं. ते नाव त्यांनी पुढं कधीच वापरलं नाही. मी वर राहायचे म्हणून मी 'वरची'. "ए वरची!" अशी खालून हाक आली की हातातलं काम टाकून जिना उतरायचा, हा त्या घराचा कायदा होता.

नगरला सावेडीत त्यांचं घर होतं. मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे आज आहे आणि उद्या नाही अशी नोकरी. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. साडीवर यजमानांचं जुनं जर्किन आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या भाजी आणायला निघाल्या की भाजीवाले आपोआप सरळ बसायचे. भेंडी महाग असेल तर का, हे त्यांना सांगावं लागायचं. "पाऊस झाला" असं म्हणून सुटका नव्हती. मग पुढचा प्रश्न यायचा, कुठं झाला?

"आधी कारण," हे त्यांचं पालुपद. एकदा मी वरून ओरडले, बाई, नळाला पाणी नाही.

"का?"

"टाकी रिकामी आहे."

"का?"

"मोटर लावलेली नाही."

"का?"

"मला वाटलं तुम्ही लावाल."

"हां. आता सापडलं कारण. ये खाली, बटण दाखवते."

एक शब्द मात्र त्यांच्या घरात चालत नसे. तो शब्द म्हणजे 'बघू'. दूधवाल्यानं, प्लंबरनं, अगदी त्यांच्या मावससासूबाईंनी फोनवर "बघू" म्हटलं तरी बाई तिथल्या तिथं धरायच्या. "बघू म्हणजे नाही. नाही म्हणायची हिंमत नसली की माणूस बघू म्हणतो. मला हो सांगा किंवा नाही सांगा, मी रुसत नाही." मी घाबरून दोन वर्षं तो शब्द उच्चारला नाही. अजूनही तो तोंडात आला की मी मागं वळून बघते.

माझ्याशी त्या शाळेतलं स्वच्छ मराठी बोलायच्या. पण राग आला, आनंद झाला किंवा गाडीचं बॉनेट उघडलं, की आतून खर्डा बाहेर यायचा. खर्डा हे त्यांचं माहेर. जामखेडच्याही पुढं, किल्ल्याचं गाव. आणि बॉनेट उघडायची वेळ तर सारखीच यायची.

गाडी म्हणजे गोल दिव्यांची, स्टेअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली, आता रस्त्यावर न दिसणारी जुनी गाडी. मूळची ती बाईंच्या थोरल्या भावाची, दादांची. खर्ड्यात पहिली गाडी त्यांनी आणली. ती तेव्हाही तापायची. बाईंच्या लग्नाला दादांनी नवरीला ह्याच गाडीतून नगरला आणलं आणि आष्टीजवळ नवरीसकट गाडी उकळली. रुखवतातल्या नव्या कोऱ्या कळशीनं विहिरीतून पाणी आणून ओतावं लागलं, मुहूर्त टळला, आणि सासरी पुढं कितीतरी वर्षं "आमची सून वाफेवर आली" असं ऐकवलं गेलं. पुढं दादा कंटाळले आणि म्हणाले, तुझ्याच लग्नात रुसली, तूच सांभाळ. बाईंनी सांभाळली. गाडी चालवायला त्या शिकल्या यजमान गेल्यावर. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिला रंग दिला, तोही पोपटी. "सगळी हयात पांढऱ्या खडूत गेली," म्हणाल्या, "आता डोळ्याला काहीतरी दिसू दे."

एकदा आम्ही काष्टीच्या बाजाराला गेलो होतो. बाईंना घोंगडी हवी होती. बाजाराचा दिवस, रस्त्यावर माणसं, बैल, टेम्पो. गाडी मुंगीच्या पावलानं निघालेली, आणि ऐन बैलबाजाराशेजारी बॉनेटमधून भस्सकन वाफ आली. बाईंनी ओला टॉवेल घेतला, रेडिएटरचं टोपण सराईतासारखं हळूहळू सैल केलं, डिकीतल्या क्यानमधून पाणी ओतलं. तोवर भोवती सल्लागार जमलेच. एक पटकेवाले बाबा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ गाडीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, इकायला आनली का? दात किती हायेत हिला?"

बाई वर न बघता म्हणाल्या, "दात झिजल्यात. पन मारकी हाय. बघा हात लावून."

बाबांनी खरंच बॉनेटला हात लावला आणि चटका बसून मागं सरले. बाजार हसला, बाबाही हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. परत येताना सारख्या गाडीच्या तापमानाच्या काट्याकडे बघत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "वरची, ही अशी तापत राहिली तर दादाचे डोळे जातील."

मला वाटलं उन्हाचा परिणाम. गाडीचा आणि डोळ्यांचा काय संबंध?

संबंध असा होता. दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. नगरच्या डॉक्टरांशी बाईंचं बोलणं झालं होतं, ऑपरेशन साधं होतं, फक्त माणूस यायला हवा होता. आणि दादा येत नव्हते. वहिनींना एकदा गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं ते त्या परत आल्याच नाहीत. तेव्हापासून दादांनी उंबऱ्याबाहेरचा ओटा हीच आपली शीव ठरवलेली. त्यांच्या पुतण्यानं नवी गाडी दारात आणली, नाही बसले. अँब्युलन्स म्हटल्यावर तर काठी उगारली. बाईंनी फारच लावून धरलं तेव्हा त्यांनी अट घातली. माझी गाडी घेऊन ये. नगरपासून खर्ड्यापर्यंत वाटेत कुठंही बॉनेट न उघडता आली, तर बसतो.

"त्याला माहीत आहे ती येत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर घातली. पण अट घातली आहे ना? मग ती पुरी करायची."

त्या उन्हाळ्यात आम्ही निघालो. मी साक्षीदार म्हणून. रस्त्याचं काम चाललेलं, एका अंगानं वाहतूक, मैलमैल गाड्यांची रांग. चिचोंडी निभावली, कडा निभावला, आष्टी मागं पडली. जामखेडच्या अलीकडे रांगेत उभं असताना काटा लाल रेषेच्या पार गेला आणि वाफ आली. बाईंनी बॉनेट उघडलं, पाणी घातलं. मी म्हणाले, बाई, खर्डा हाकेवर आहे. गाडी गार झाली आहे. सांगू नका ना दादांना. त्यांना काय कळणार?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझी शाळा आठवली. "त्याला दिसत न्हाई म्हनून मी त्याला फसवू?"

दादा ओट्यावर बसले होते. उंच, सुकलेला माणूस, डोळ्यांत दुधी सायीचा पडदा. गाडीचा आवाज ऐकून भिंतीला हात लावत लावत खाली उतरले, आणि बॉनेटवर हात टेकवला, तो उलटा. मी चकित होऊन एकदा त्यांच्याकडे आणि एकदा बाईंकडे पाहिलं.

"काय तायडे, उकळली?"

आमच्या बाई, ज्यांच्यापुढं भाजीवाले सरळ बसायचे, त्या तायडे होत्या.

"उकळली," तायडे म्हणाल्या.

"मंग न्हाई येत," दादा म्हणाले आणि सुटकेचा श्वास टाकून परत ओट्यावर जाऊन बसले. आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली आणि परत निघालो. वाटेत बाई एकच वाक्य बोलल्या. "आधी कारण."

कारण त्यांनी दुसऱ्याच दिवशी शोधायला घेतलं. बबन मेकॅनिकला घरी बोलावलं. बबन हा बोलका माणूस. गाडीपेक्षा त्याचाच आवाज जास्त. बाई त्याला फळ्यासमोर उभं केल्यासारखं उभं करून विचारू लागल्या. गाडी पळते तेव्हा तापते का? नाही. कधी तापते? रांगेत, बाजारात, हळू चालली की. का? बबननं डोकं खाजवलं. बाईंनीच उत्तर दिलं. रेडिएटरमागचा लोखंडी पंखा इंजिनला बांधलेला. गाडी हळू म्हणजे इंजिन हळू, इंजिन हळू म्हणजे पंखा हळू. ज्या वेळी वाऱ्याची सगळ्यात गरज, त्याच वेळी हा आळसावतो.

"मंग विजेचा पंखा टाकू बाई!" बबननं टाळी वाजवली. "नव्या गाड्यांना असतो तसा. पानी तापलं की आपोआप सुरू. इंजिन हळू असू दे न्हाईतर जोरात, त्याला काय घेनं न्हाई."

नगरच्या भंगार बाजारातून एका नव्या गाडीचा पंखा आला. त्याला पुरेशी वीज मिळावी म्हणून जुना डायनॅमो काढून दुसरा बसवावा लागला. जुन्या पंख्याची पाती उतरवली. नवा पंखा काही रेडिएटरच्या मागं बसेना, इंजिन आडवं यायचं. मग बबननं तो पुढं, समोरच्या जाळीच्या आत बसवला. चारी बाजूंनी घट्ट. काम नीटस होतं, त्याबद्दल वाद नाही.

आता गंमत अशी झाली, की इंजिन अजून गारच होतं. बबननं पंखा नुसताच बॅटरीला जोडून फिरवून दाखवला. "या बाई, पुढं उभं राहून बघा, काय वारं फेकतोय!" मे महिना, दुपार. बाई गाडीसमोर उभ्या राहिल्या. पदर उडाला. "आहाहा," म्हणाल्या. मग मी उभी राहिले. मग शेजारच्या काकू पोळ्या टाकून आल्या, मग त्यांचे यजमान, मग कुरिअरवाला. जो येईल तो गाडीपुढं तोंड करून डोळे मिटून उभा. टेबलफॅन आणला की आपण जसं करतो तसंच. काकूंनी तर सुचवलं, रोज संध्याकाळी गाडी जरा अंगणात लावत जा. वारा तोंडावर आला म्हणजे पंखा चांगला, यात कुणाला शंका येणार? आमच्यापैकी एकालाही आली नाही. गणिताच्या बाईंनाही नाही.

अंगणात इंजिन तासभर चालू ठेवलं. काटा मधोमध. रांगेचा प्रश्न मिटला होता. पावसाळाभर खर्ड्याचा खोदलेला रस्ता चिखलात बुडालेला. पाऊस ओसरला तसं बाईंनी चाचणी म्हणून कोल्हारपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. नगरच्या गर्दीत गाडी शहाण्यासारखी वागली. बाई गुणगुणायला लागल्या, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. राहुरी सोडली, रस्ता मोकळा झाला, बाईंनी वेग घेतला, आणि काटा चढायला लागला. कोल्हारला प्रवरेच्या पुलाअलीकडे आम्ही पुन्हा ओला टॉवेल घेऊन उभ्या.

"हे कसं?" बाई नदीकडे बघत म्हणाल्या. "आधी थांबली की तापायची. आता पळाली की तापते."

हे त्यांचं तेव्हापासूनचं कोडं. भाजी निवडताना, मला जिन्यात अडवून, देवाला फुलं वाहताना सुद्धा तेच पुटपुटायच्या. बबननं टोपण बदललं, पाइप बदलले, रेडिएटर धुऊन आणला. दरवेळी छाती ठोकून सांगायचा, "आता न्हाई तापनार." दरवेळी मोकळा रस्ता लागला की काटा वर. इकडं डॉक्टरांचा फोन आला की मोतीबिंदू फार पिकू देऊ नका, पुढं गुंतागुंत होईल, भरवसा देता येणार नाही. बाईंनी फोन ठेवला आणि ओट्यावर येऊन बसल्या. पुतण्याच्या बायकोनंही कळवलं होतं की दादांना आता ताटातली भाकरी चाचपडावी लागते. त्या दिवशी मी बाईंना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

"पुतण्याला सांगून उचलून आणूया का?" मी विचारलं.

"उचलून आणायला तो काय पोतं आहे? तो अट घालून बसलाय म्हणजे अजून माणूस आहे. भाऊबिजेला जायचं. त्याआधी कारण सापडलं पाहिजे."

ते सापडलं खंडेनवमीला.

खंडेनवमीला बबनच्या गॅरेजात हत्यारांची पूजा असायची. पाने, जॅक, हातोड्या धुऊन पुसून सतरंजीवर मांडलेल्या, झेंडूचा ढीग, पेढे. बबननं आग्रहानं गाडी बोलावली होती. "तुमची गाडी म्हंजे माझी परीक्षा हाय बाई, तिची पूजा आधी." आम्ही भरधाव येऊन पोचलो होतो, इंजिन चांगलंच तापलेलं आणि बाईंनी काटा बघायला ते चालूच ठेवलेलं. बबननं समोरच्या जाळीवर झेंडूची जाड माळ आडवी बांधली. चिमटीत हळद-कुंकू घेतलं आणि जाळीच्या दिशेनं उधळलं. त्याच क्षणाला आत खट् झालं आणि पंखा सुरू झाला.

सगळं हळद-कुंकू बबनच्या तोंडावर. दाढी, शर्ट, पापण्या, सगळं लाल-पिवळं. जाळीवर निवांत पडलेली माळ फुगून बाहेर उचलली गेली आणि तशीच थरथरत राहिली. गॅरेज हसून हसून लोळलं. कुणीतरी म्हणालं, गाडीनंच बबनची पूजा केली. मीही डोळे पुसत होते. फक्त बाई हसत नव्हत्या. त्या माळेकडे बघत होत्या.

"गप बसा सगळे. बबन, पंखा बंद कर."

बबननं तार सोडवली. माळ परत जाळीवर पडली.

"आता चालू कर."

माळ पुन्हा फुगून उचलली गेली. बाई पुढं झाल्या आणि त्यांनी जाळीसमोर हात धरला. उलटा.

"गरम हाय," त्या म्हणाल्या. मग एकदम आवाज चढला आणि खर्डा पूर्ण बाहेर आला. "आरं बबन्या, हा वारा माझ्या तोंडावर कशापाई येतोय? मी काय रेडिएटर हाय का?"

बबन कुंकवातून बघत राहिला. "लाल तार लालला, काळी काळीला जोडली बाई. चुकलं कुटं?"

"तारांचं न्हाई रे. हा पंखा मागं बसून वारा आत वढनारा. तू त्याला पुढं बसवलास. त्यो बिचारा आपलं काम हाय तसंच करतोय, आतला वारा भाईर फेकतोय. गाडी उभी असली तर चालतंय, वारा हिकडनं गेला काय अन् तिकडनं गेला काय. पन गाडी पळाली की समोरचा वारा आत यायला बघतो अन् ह्यो आतला भाईर ढकलतो. यष्टीच्या दारात चढनारा अन् उतरनारा अडकून बसावा तसं. दोगंबी दारातच!"

मग त्या खाली, पेढ्यांच्या शेजारी मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. "मी गनिताची बाई. अन् सगळ्या गल्लीला वारा घालीत बसले! आहाहा म्हनले मी. आहाहा!"

बबननं तिथल्या तिथं दोन तारांची अदलाबदल केली. पंखा उलटा फिरला, माळ सपकन जाळीला चिकटली. बाईंनी ती लगेच सोडली. "पूजा झाली. आता ही वारा अडवते," म्हणाल्या आणि माळ बबनच्या गळ्यात घातली.

भाऊबिजेला सकाळी निघालो. डिकीत पाण्याचा क्यान काठोकाठ भरलेला, तोंड फडक्यानं बांधलेलं. बाईंनी नवी साडी नेसली होती, वर जर्किन होतंच. रस्त्याला समोरून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली. दोन-दोन ट्रॉल्या, त्यात माणसं, पातेली, कोंबड्या, बांधलेलं करडू. दिवाळी सरली न सरली की तिकडची गावं अशी कारखान्यांकडे सरकतात. मोकळ्या रस्त्यावर बाईंनी वेग घेतला. मी काट्यावरची नजर काढली नाही. काटा मधोमध. पुढं रस्त्याचं काम तसंच अर्धवट पडलेलं, तीच एका अंगाची रांग. काटा हलला, वर निघाला, लाल रेषेकडे आला. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले. मग पुढून खट् आवाज आला आणि घुरघुर सुरू झाली. काटा जरा थबकला आणि मागं फिरला. बाईंनी हात उलटा करून डॅशबोर्डवरून फिरवला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

दादा आवाजानंच उठले. खाली उतरले, बॉनेटवर हात टेकवला. मग वाकून वास घेतला, वाफेचा वास येतो का ते. मग चाचपडत मागं गेले. "डिकी उघड." क्यान उचलून बघितला. जड. फडक्याची गाठ बोटांनी तपासली. शेवटी माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "पोरी, तू सांग. कुटं बॉनेट उघडलं?"

"नाही दादा. एकदाही नाही."

ते क्यानला धरून तसेच उभे राहिले. मी जन्मात इतका हरलेला माणूस पाहिला नव्हता.

बाईंनी आधी पाट मांडला, दिवा लावला, ओवाळलं. दादांचा चेहरा दिव्याच्या उबेकडे वळत होता, उजेडाकडे नाही. "वोवाळनी काय घालू तायडे?"

"गाडीत बस."

"तुजी वैनी अशीच गाडीत बसून गेली," दादा म्हणाले. "परत आली न्हाई. मला भ्या वाटतं गं."

"मलाबी वाटतं," बाई म्हणाल्या. "तुला दिसंनासं हुईल याचं. मी नेते तशी परत आनून सोडते. गाडी आली का न्हाई? तसाच तू येशील."

दादा भिंतीला धरून पाटावरून उठले. मग म्हणाले, "माझी चप्पल दे."

येताना ते पुढं बसले, मी मागं. कड्याजवळ आम्ही ऊसतोडीच्या ट्रॅक्टरमागं अडकलो आणि पंखा सुरू झाला. दादांनी कान टवकारले. "हे काय घुरघुरतंय?"

"पंखा. तुझ्यासाठी बसवला."

"वारं कुनीकडं जातंय?"

"आत," बाई म्हणाल्या आणि आरशातून माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, म्हणजे गप्प बस.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली त्या दिवशी दादा काळा चष्मा लावून बाईंच्या ओट्यावर बसले होते. झाडं बघितली, काकूंचं वाळत घातलेलं धुणं बघितलं, मला बघितलं आणि "लई बारीक हायेस की गं, जेवत जा" म्हणाले. मग त्यांची नजर फाटकाशी गेली. ते उठले, भिंतीला हात न लावता चालत गेले.

"ही कुनाची?"

"आपली," बाई दारातून म्हणाल्या.

"आपली पांढरी हाय."

बाई दारातल्या चपला सरळ करायला लागल्या.

"तायडे, ही गाडी हाय का मिरची?" दादा चष्मा काढून गाडीभोवती फिरले. "हिच्यात बसून आलो मी? सगळ्या जामखेडातनं? मला दिसत न्हाई म्हनून फसवलंस व्हय?"

"तू इचारलं न्हाईस."

"आता सांगतो मंग. पांढरी कर हिला. पांढरी केल्याबगर मी हिच्यात बसनार न्हाई. अन् हिच्याबगर मी खर्ड्याला जानार न्हाई!"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. दोन वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं आणि आता त्या रडत होत्या की हसत होत्या हे मला आजही सांगता येणार नाही. मला मात्र रडू आलं, ते मी लपवलं नाही. त्या घरात बाई एकट्याच जेवायच्या, आणि खर्ड्याच्या ओट्यावर दादा एकटेच बसायचे, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

दादांना बघायला आलेला बबन तिथंच होता. तो उत्साहानं पुढं झाला. "रंगारी हाय बाई माझ्या वळखीचा. उद्या नेतो गाडी. चार दिवसांत पांढरीशुभ्र करून देतो, दादा भुर्रकन खर्ड्याला!"

पुढं माझी नोकरी सुटली आणि मी नाशिकला आले. गेल्या दिवाळीत नगरला जाऊन बाईंना भेटले. दादा ओट्यावर पेपर वाचत होते, मोठ्यानं, चुका काढत. फाटकाशी गाडी उभी होती, पोपटीच. मी विचारलं, बाई, रंगाचं काय झालं?

त्यांनी माझ्या कपाळाला उलटा हात लावून पाहिला. मग बबनला त्या दिवशी दिलं होतं तेच उत्तर मला दिलं.

"बघू," म्हणाल्या.